सैनिकी भारवहन

सैनिकी भारवहन म्हणजे शस्त्रे, दारूगोळा, चिलखत, पाणी, शिधा, संदेशवहन यंत्रे इत्यादी सामग्री सैनिकाने स्वतःच्या अंगावर वाहून नेणे. रोमन सेनापती गायस मारियस याच्या सैनिकांना त्यांच्या ओझ्यामुळे ‘मारियसची खेचरे’ म्हटले जाई. वाहने व हेलिकॉप्टर आल्यानंतरही पायदळाचे ओझे घटले नाही. २००३ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने केलेल्या मोजणीत प्रत्यक्ष लढाईतील भार सरासरी सुमारे २९ किलोग्रॅम, तर कूच करतानाचा भार सुमारे ४६ किलोग्रॅम आढळला. त्याच सैन्याच्या नियमपुस्तिकेत हे प्रमाण शरीराच्या वजनाच्या अनुक्रमे ३० व ४५ टक्के सुचवले होते.

शरीरावरील परिणाम

भार वाहताना खर्च होणारी ऊर्जा शरीराचे वजन, ओझे, वेग, चढ आणि जमिनीचा प्रकार यांवर अवलंबून असते. १९७७ मध्ये मांडलेले पँडॉल्फ समीकरण याच घटकांवर आधारलेले आहे. ओझे अंगावर कोठे आहे, हेही महत्त्वाचे ठरते. धडावर वाढवलेल्या एका किलोग्रॅममुळे ऊर्जेचा खर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. तेच वजन पायांत असल्यास ही वाढ ७ ते १० टक्के असते. जड बूट म्हणूनच दिसतात त्यापेक्षा महाग पडतात.

पाठीवरील पिशवीमुळे (भारतीय लष्करी बोलीत ‘पिट्ठू’) सैनिक पुढे झुकून चालतो व कंबरेवर ताण येतो. खांद्यावरील पट्ट्यांनी मज्जातंतू दाबले गेल्यास हात बधिर वा दुर्बळ होतो; कंबरपट्टा वापरल्यास हा धोका कमी होतो. पायाच्या लांब हाडांना जाणारे सूक्ष्म तडे प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच वर्णिले होते. घट्ट चिलखत छातीचे प्रसरण रोखते, तसेच घाम वाळू देत नाही. उंच प्रदेशात प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमताच घटते; त्यामुळे तेवढेच ओझे तेथे अधिक दमवते.

फॉकलंड युद्ध

२५ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे जहाज निकामी केले आणि त्यावरील तीन चिनूक हेलिकॉप्टर नष्ट झाली. परिणामी ब्रिटिश तुकड्यांना पूर्व फॉकलंड पायी ओलांडावे लागले. रॉयल मरीन्सच्या सैनिकांनी दलदल व दगडगोट्यांतून सुमारे ३६ किलोग्रॅम ओझ्यासह तीन दिवसांत जवळपास ९० किलोमीटर अंतर कापले. सतत ओल्या राहिलेल्या पायांचे विकार अनेकांना जडले. पुढे ११ जूनच्या रात्री टू सिस्टर्स डोंगरावरील हल्ल्यात मिलान क्षेपणास्त्रे वाहणारी एक्स कंपनी नियोजित वेळेपेक्षा दोन तासांहून अधिक उशिरा पोहोचली. डोंगर जिंकला गेला, तरी ठरलेले वेळापत्रक ओझ्यापुढे टिकले नाही.

प्रशिक्षण व मर्यादा

केवळ धावण्याच्या सरावाने भारवहनाची क्षमता पुरेशी वाढत नाही. सडपातळ सैनिक विनाभार धावण्यात पुढे असतो, परंतु ३० किलोग्रॅम ओझे ६० किलोच्या शरीराला निम्म्या वजनाइतके होते, तर ८० किलोच्या शरीराला दोन-पंचमांशाहून कमी. त्यामुळे धावणे, बलवर्धक व्यायाम आणि ओझ्यासह चाल यांची सांगड घातली जाते. वजन व अंतर क्रमाक्रमाने वाढवतात. फार वारंवार केलेल्या जड चालींनी मात्र दुखापतीच वाढतात. लांब चालीनंतर नेमबाजीची अचूकता घटते, म्हणून चकमकीपूर्वी मोठी पिशवी मागे ठेवण्याची पद्धत आहे. कोणती वस्तू मागे ठेवायची याचा निर्णय अधिकाऱ्याचा असतो, आणि चिलखत वा काडतुसे कमी करण्यास सहसा कोणी धजत नाही.