शवासन केलं आणि झोपच उडाली!



मागच्या पॉटलकला गप्पांमध्ये झोपेचा विषय निघाला आणि लक्षात आलं, की आपल्यातल्या बऱ्याच घरांत कोणी ना कोणी रात्री छताकडे बघत पडलेलं असतं. "ऑफिसचं टेन्शन" एवढंच सांगून आपण विषय बदलतो. नैराश्य, चिंतारोग, बायपोलर हे शब्द पॉटलकमध्ये कोणी काढत नाही. आमच्याही घरी हेच चाललं होतं, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही दोघं कॉम्प्युटरवाले, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे धाकटा भाऊ राहतो. त्याला नैराश्य आणि चिंता, दोन्हींवर उपचार चालू आहेत. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. साताऱ्याहून आईचा रोज फोन, "त्याला शवासन करायला सांगा रे!" आम्ही योगनिद्रेचं रेकॉर्डिंग लावून दिलं. तिसऱ्या रात्री तो ताडकन उठून बसला. "दादा, बंद कर हे. शांत झालं की डोक्यातलं सगळं अजून मोठ्याने ऐकू येतं." आम्हाला वाटलं, हा नीट करतच नाही. दोन शब्द बोललोही. त्याचं आजही वाईट वाटतं.

त्याच्या थेरपिस्टने सांगितलं, की यात त्याची चूक नाही. चिंता असलेल्या काहींना अंग सैल सोडून डोळे मिटले की उलट घाबरं होतं, छाती धडधडते. ज्यांच्यावर मोठा आघात झालाय किंवा ज्यांना भास होतात, त्यांना डोळे मिटून नुसतं श्वासाकडे बघत बसणंही जड जाऊ शकतं. अशांनी डोळे उघडे ठेवावेत, खुर्चीत बसावं, दिवा चालू ठेवावा. करायला काहीतरी ठोस असेल तर मन तिथे टिकतं.

भावाला लागू पडली ती स्नायू आवळून सोडायची पद्धत. शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हे पुस्तक लिहिलं, त्यातून ती आली. आपण खांदे, जबडा दिवसभर आवळून बसलोय हे आपल्याला कळतच नाही, म्हणून आधी मुद्दाम आवळायचं आणि मग सोडायचं, म्हणजे फरक कळतो. मुठी पाच-सात सेकंद आवळा, मग सोडा आणि अर्धा मिनिट हात कसे लागतात ते बघत राहा. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, शेवटी पावलं. जोर निम्माच लावा, नाहीतर पोटरीत गोळा येतो (आम्हाला आला!). दुखरा भाग सोडून द्या.

खरी मेख पुढेच आहे. हे पहिल्यांदा रात्री करायचं नाही! दुपारी किंवा संध्याकाळी, झोपेचा काही संबंध नसताना दोन-तीन आठवडे सराव करायचा. रात्री "आता झोप आलीच पाहिजे" म्हणून करायला गेलात तर ती परीक्षाच होते. झोप काही कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने येत नाही. कोणाला श्वास सोपा जातो. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. भ्रामरीतही उच्छ्वास लांबतोच, तेव्हा आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

आता थोडं तांत्रिक. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सुचवली ती सीबीटी-आय ही थेरपी. अंग सैल करणं हा तिचा फक्त एक तुकडा. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ऑनलाइन सीबीटीने ज्यांची झोप सुधारली, त्यांचा संशयीपणा आणि भासही कमी झाले. ते विद्यार्थी होते, रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, हे खरं. पण 'आधी आजार बरा होऊ दे, झोप आपोआप येईल' असं म्हणून थांबायला नको, एवढं त्यातून आम्ही घेतलं.

बायपोलर असेल तर मात्र जपून. या थेरपीत कधी कधी अंथरुणातला वेळ कमी करतात, आणि कमी झोपेने उन्माद उसळू शकतो, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. इंडिया ट्रिपच्या जेटलॅगचंही तेच, निघण्याआधी त्यांच्याशी बोला. दोन-तीन तासच झोपून माणूस उत्साहाने फिरत असेल तर कौतुक नको, फोन करा. गोळ्या मनाने बंद करू नका. कधी गोळीची वेळ बदलूनही फरक पडतो, ते विचारा. घोरणं जास्त असेल तर तेही सांगा. आणि जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर थांबू नका. अमेरिकेत ९८८ हा नंबर २०२२ पासून आहे, चोवीस तास.

भाऊ आता संध्याकाळी कामावरून आला की सोफ्यावर पंधरा मिनिटं मुठी आवळतो, सोडतो. सगळ्या रात्री चांगल्या जातात असं नाही. झोप येत नसेल तर लोळत न पडता उठायचं, हे त्याला शिकवलंय. परवा रात्री दोनला खाली दिवा दिसला. बघतो तर साहेब ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालत बसलेले. आम्ही काही न बोलता वर आलो. सकाळी सगळ्यांचे मोजे जोडीने लावलेले होते.