मुलांची मजुरी आणि कायदा



पाडवा नुकताच होऊन गेला. आपल्या वऱ्हाडात पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. पैसे किती, जवारी किती, उचल किती, हे सगळे ओसरीवर बसून बोलले जाते. ह्या बोलण्याच्या शेवटी, उठता उठता, एक वाक्य पूर्वी हमखास येत असे : ‘‘गड्याचा पोरगाही गुरांमागे येत जाईल.’’ त्या पोराचे वय कोणी विचारीत नसे, त्याची वेगळी मजुरी कोणी ठरवीत नसे, आणि त्याला तर कोणीच काही विचारीत नसे. बापाने घेतलेल्या उचलीत तो आपोआप मोजला जाई. आज मला बोलावयाचे आहे ते ह्या एका वाक्याविषयी. ह्या वाक्यावर कायद्याने कसकशी बंधने घातली, ती घालावयास एवढा काळ का लागला आणि आज ती नेमकी कोठवर पोचली आहेत, हे पाहू.

प्रथम थोडा इतिहास. तो रोचक आहे, आणि आपल्या कापसाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच साली मुंबई सरकारने गिरण्यांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. सात-आठ वर्षांची मुले पहाटेच्या भोंग्याला गिरणीत शिरत आणि दिवेलागणीला बाहेर पडत, ही गोष्ट तेव्हा कोणापासून लपलेली नव्हती. तरीही कायदा करू नये, असेच कमिशनच्या बहुमताचे म्हणणे पडले. पुढे सोराबजी शापूरजी बंगाली ह्या पारशी गृहस्थांनी मुलांच्या संरक्षणासाठी एका विधेयकाचा मसुदा केला. इकडे इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीही भारतात कायदा व्हावा म्हणून गलबला केला. त्यांना आपल्या पोरांची कणव किती आणि मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती किती, हे सांगावयास ज्योतिषी नको. पण हेतू कसाही असो, १८८१ साली भारताचा पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट झाला.

त्या कायद्याने काय दिले? सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवावयाचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करावे, त्यात एक तासाची सुट्टी, आणि महिन्यातून चार दिवस रजा. आज हे ऐकून आपल्या अंगावर काटा येतो. पण त्या काळी हीच मोठी सुधारणा होती.

आता ह्यातली मेख पाहा. ‘कारखाना’ कशाला म्हणावयाचे, त्याची व्याख्या कायद्यात दिली होती. जेथे यंत्रशक्ती वापरतात, शंभर माणसे काम करतात आणि वर्षातून निदान चार महिने काम चालते, तो कारखाना. हे चार महिने कोणाला सोडवणारे होते? आपल्या जिनांना! कापूस घरात आला की जिन सुरू होणार, सरकी वेगळी आणि रुई वेगळी झाली, गाठी बांधून रेल्वेवर गेल्या, की बंद होणार. हंगामी कारखान्यात माणसे रात्रंदिवस राबत, ती नेमकी ह्याच थोड्या दिवसांत. खानदेशातल्या जिनांत पहाटे चार-पाचपासून रात्री दहापर्यंत बाया कामाला असत, अशी साक्ष १८८० नंतरच्या दशकात खुद्द जिनांच्या व्यवस्थापकाकडूनच चौकशी-कमिशनपुढे झाली. बाईच्या पाठीशी तिचे पोर असणारच. हे छोटे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यावयास १९११ साल उजाडावे लागले. मुंबईच्या गिरणीतल्या पोराचा तास कायद्याने मोजावयास लागल्यानंतर तीस वर्षांनी कापूसपट्ट्यातल्या पोराची पाळी आली. आपला वाशीम जिल्हा त्याआधी सहा वर्षे, १९०५ मध्ये, मोडून अकोला आणि यवतमाळ ह्यांत वाटला गेला होता. तो पुन्हा उभा राहिला १९९८ मध्ये. म्हणजे ह्या भागातल्या लोकांना वाट पाहण्याची सवय जुनीच आहे, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही.

कायदा होण्याच्या सुमारासच दोन मराठी माणसे ह्याच प्रश्नाला दोन बाजूंनी भिडत होती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यांची पहिली मागणी आठवड्याच्या सुट्टीची होती, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. आज आपण रविवारी दुपारी सुखाने आडवे होतो, ते लोखंड्यांच्या पुण्याईने. दुसरे जोतीराव फुले. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मला ही दोन कामे एकाच गाडीच्या दोन चाकांसारखी वाटतात. कारखान्याचे दार मुलाला बंद केले आणि शाळेचे दार उघडले नाही, तर मूल जाईल कोठे? ते गुरांमागे जाईल, हॉटेलात कपबशा विसळावयास जाईल, किंवा अधिक अंधाऱ्या ठिकाणी जाईल. दुर्दैवाने पुढची शंभर वर्षे पहिले चाक थोडेथोडे फिरत राहिले आणि दुसरे चिखलात रुतून बसले. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे १९११ चे विधेयक मंजूर झाले नाही. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात ही सक्ती आणली, पण ती त्यांच्या संस्थानापुरती.

कारखान्यांचे पुढचे कायदे मी भरभर सांगतो. वय १८९१ मध्ये नऊ झाले, १९२२ मध्ये बारा, १९४८ मध्ये चौदा. मुलांचे कामाचे तास नवावरून सातावर, मग सहावर, पाचावर आणि अखेर साडेचारावर आले. १९४८ च्या कायद्यातले एक कलम मात्र आपण वऱ्हाडकरांनी लक्षात ठेवण्यासारखे होते. कापसाच्या प्रेसमध्ये ज्या भागात रुई मोकळी करणारे ‘ओपनर’ यंत्र चालू असेल, तेथे बाई किंवा मूल ह्यांना कामाला लावू नये, असे ते कलम सांगे. त्या यंत्राजवळ जो कोणी पाच मिनिटे उभा राहिला असेल, त्याला कारण विचारावे लागणार नाही.

दरम्यान, पाडव्याच्या त्या वाक्याकडेही कायद्याचे लक्ष गेले होते. व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात मुलांना गहाण टाकण्याच्या चालीवर बोट ठेवले. आईबापांनी उचल घ्यावी आणि ती फिटेपर्यंत मुलाने राबावे, अशी ही चाल. १९३३ च्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलाची मेहनत गहाण टाकणारा करार रद्दबातल ठरविला. आईबापाला पन्नास रुपयांपर्यंत दंड, आणि करार करून घेणाऱ्याला दोनशेपर्यंत. मात्र मुलाचे नुकसान होत नसेल, वाजवी मजुरीपलीकडे काही घेतले नसेल आणि आठवड्याच्या सूचनेवर काम सोडता येत असेल, तर तो करार ह्या कायद्यात बसत नसे. ‘आठवड्याच्या सूचनेवर सोडता येणे’ ही कसोटी मला फार मार्मिक वाटते. आपल्या घरी, दुकानात, शेतात जो कोणी राबतो, त्याला आठ दिवसांत ‘येतो’ म्हणून निघता येईल काय? येत नसेल, तर तो नोकर नव्हे, तो गहाण आहे. आज असा व्यवहार १९७६ च्या वेठबिगार-निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला वेठीस धरणे किंवा त्याची कमाई दाबून ठेवणे ह्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे.

आता आजच्या कायद्याकडे येऊ. १९५० साली राज्यघटनेने चौदा वर्षांखालील मुलाला कारखाना, खाण आणि धोक्याचे काम ह्यांतून बाहेर काढले. शेत, घर आणि हॉटेल ह्यांचे नाव त्या कलमात नव्हते. १९८६ चा बालमजुरीचा कायदाही याद्यांचाच होता : हे काम बंद, ते काम चालेल. घरकाम आणि हॉटेल-धाब्यावरचे काम ह्या यादीत आले ते २००६ च्या ऑक्टोबरमध्ये. आणि ज्यात यादी नाही, अशी सरसकट बंदी आली २०१६ साली, १ सप्टेंबरपासून. घटनेपासून मोजले तर सहासष्ट वर्षे.

आजचा नियम असा. चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या शेतातली वेचणी आणि निंदण ह्यात आले. ‘‘आईबरोबर आला होता, चार बोंडे वेचली,’’ ही सबब मालकाला चालणार नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केले तर एक ते तीन वर्षे कैद. पोलिसांना वॉरंटावाचून अटक करता येते. आईबापांना मात्र पहिल्या वेळी शिक्षा नाही, आणि हे योग्यच आहे. पोर कामाला धाडणारा बाप बहुधा मजुरी घेणारा असतो, देणारा नव्हे.

ह्या बंदीला दोन अपवाद आहेत. एक, चित्रपट-दूरदर्शन इत्यादींतील बालकलाकारांचा. दुसरा आपल्या जिव्हाळ्याचा : कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावण्याचा. पण त्यालाही कुंपण आहे. शाळेच्या वेळेत नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ ह्या वेळात नाही, दिवसाला तीन तासांहून अधिक नाही, आणि काम धोक्याचे नसावे. आणि कुटुंब म्हणजे कोण? आई, बाप, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. मामाच्या किराणा दुकानात शाळा सुटल्यावर तासभर पुड्या बांधल्या तर कायदा डोळे वटारणार नाही. गंमत अशी की ह्या यादीत आजोबा नाहीत! ज्यांनी मसुदा केला त्यांनी आजोळची सुट्टी कधी भोगली नसावी.

विनोद बाजूला ठेवला तर मला हा अपवाद खटकतो. शेतात, घराच्या चार भिंतींत कोण किती तास राबले, हे मोजावयाचे कोणी? पऱ्हाटी फुटली की घरची पोर पंधरा दिवस शाळेत दिसत नाही, आणि ती ‘घरच्याच’ शेतात असते. पुष्कळदा ती शेतात नसतेच, धाकट्या भावाला सांभाळीत झोपडीत असते. तिच्या ह्या कामाला मजुरी नाही, म्हणून ते कायद्याच्या भाषेत काम नव्हे. २०११ च्या जनगणनेत पाच ते चौदा वर्षांची एक कोटीहून अधिक मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली. त्यात ही पोर मोजली गेली असेल काय? मला शंका आहे. नियमांत एक उपयोगी तरतूद आहे. मूल काही न कळविता सलग तीस दिवस शाळेत आले नाही, तर मुख्याध्यापकाने ते नेमलेल्या अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. पण एकोणतीस दिवसांनी एकदा तोंड दाखवून जाणाऱ्या मुलाचे काय, हे नियमात नाही. तेथे गुरुजींची नजरच कामी येणार.

चौदा ते अठरा ह्या वयाचा प्रश्न अधिक अवघड आहे. कायदा अशा मुलाला किशोर म्हणतो. त्याला खाणीत, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थांच्या कामावर आणि धोकादायक प्रक्रियांत ठेवता येत नाही. इतरत्र चालते. आपल्या गावचेच पाहा. महामार्ग आहे, २०२२ पासून समृद्धी मार्गही जवळून जातो, बाजारपेठ आहे. दुकानात, हॉटेलात, गोदामात हुशार पोरगा सगळ्यांनाच हवा असतो. ठेवा, पण कसे, ते ऐका. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग निदान एक तास विसावा. विसावा धरून आणि कामाची वाट पाहत बसलेला वेळ धरून दिवसाला सहा तास. संध्याकाळी सात ते सकाळी आठ ह्या वेळात काम नाही. जादा काम नाहीच. आठवड्यात एक पुरा दिवस सुट्टी, आणि ती कोणत्या वारी हे दुकानात लिहून लावावयाचे. अशा मुलांची नोंदवही ठेवावयाची. लग्नसराईत कापडाच्या दुकानात रात्री नवापर्यंत गठ्ठे उलगडणारा पंधरा वर्षांचा पोरगा ठेवणे हा सरळ नियमभंग आहे. दुकानदार वाईट माणूस असतो असे नाही. त्याला ठाऊकच नसते, आणि ठाऊक करून घेण्याची त्याला घाईही नसते.

वयाचे काय, असे आपण विचाराल. ‘‘सोळाचा आहे साहेब, खायला नसल्यामुळे लहान दिसतो,’’ हे उत्तर तयार असते. शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहावा. वाद पडला आणि कागद नसला तर वैद्यकीय तपासणी होते. पण मालकाने ठेवण्यापूर्वी दाखला मागावा, हा साधा मार्ग आहे. गुरे घेताना आपण दात पाहतो की नाही?

एक विधवा बाई मला एकदा म्हणाली, ‘‘भाऊ, पोरगा पंधराचा आहे, नववीतून काढला. काम करू नको म्हणता, मग चूल कोणी पेटवावी?’’ मी तिला सांगितले ते इतकेच, की काम करू नको असे कायदा म्हणत नाही. सहा तास म्हणतो, रात्री नको म्हणतो. चौदा वर्षे पूर्ण झालेल्याला १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखाली धंदा शिकता शिकता विद्यावेतनही मिळू शकते. त्याला शिक्षणाची अट मात्र त्या त्या धंद्याप्रमाणे असते, आणि अडतो तो मुलगा बहुधा तेथेच. तिचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. कारण मोफत शिक्षणाचा हक्क, जो २०१० च्या एप्रिलपासून अमलात आला, तो चौदाव्या वर्षी थांबतो. कायद्याने मजुरीचे एक दार अर्धे लोटले, पण शाळेचे दार त्याच वयाला सुटून जाते. फुल्यांच्या दुसऱ्या चाकाची ही अजून न भरलेली आरी आहे. अठरापर्यंत तो हक्क वाढविल्याखेरीज त्या बाईला देण्यासारखे उत्तर आपल्याजवळ नाही.

शेवटी, कोठे असे मूल राबताना दिसले तर काय करावे, हे सांगून मी थांबतो. १०९८ हा दूरध्वनी-क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पोलीस-ठाण्यात सांगितले तरी चालते. सुटलेल्या मुलाला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे नेतात. मालकाकडून वसूल झालेला दंड जिल्ह्याच्या पुनर्वसन-निधीत जमा होतो आणि त्या प्रत्येक मुलामागे सरकार पंधरा हजार रुपये घालते. ही रक्कम मुलासाठी बँकेत ठेवावी आणि व्याजासह त्याला मिळावी, असे कायदा सांगतो. खटला निकाली निघून दंड वसूल होईपर्यंत मात्र त्या खात्यात काही पडत नाही. तोवर त्या मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे की नाही, हे जाऊन पाहणे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.