राखणीचा कुत्रा आजारी पडतो तेव्हा

ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या परिसरात राखणीचे कुत्रे आणि घरचे मांजर घरोघरी आढळते. त्यांच्या प्रत्येक आजारात सारखीच घाई नसते. जनावर लंगडते, कान खाजविते वा एकदोनदा ओकते, परंतु खाते-पिते व सावध आहे, अशा वेळी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले तरी चालते. मात्र पुढील लक्षणे दिसताच, मध्यरात्र असली तरी, निघावे : श्वास कोंडणे, हिरड्या पांढऱ्या वा निळसर पडणे, दाबूनही रक्त न थांबणे, पाच मिनिटांहून अधिक आकडी, विषबाधा, पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या, आणि बोक्याची लघवी अडणे.

पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधावर घोणस व नाग वावरतात. सर्पदंशाची जागा कापू अथवा आवळू नये. जनावरास न चालविता उचलून न्यावे. पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरते. माणसांची औषधे देऊ नयेत.

परळचे रुग्णालय मोठे असले तरी अशा वेळी प्रथम जवळचा पशुवैद्य गाठावा. तो हजर असल्याची खात्री दूरध्वनीने करून घ्यावी. ग्राम-कार्यकर्त्यांनी जवळच्या दवाखान्यांच्या वेळा व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आजच लिहावेत.