पेटंटची परीक्षा आणि सुरतेची कल्पकता

सुरतेत कल्पकतेचा दुष्काळ कधीच नव्हता. हिऱ्यांना पैलू पाडणारे असोत, जरीची तार ओढणारे असोत, की उधना-लिंबायतेकडे यंत्रमागावर राबणारे आमचे खानदेशी बांधव असोत. अडलेले यंत्र चालते करण्याची नवी युक्ती त्यांतील कोणास तरी सुचतेच. उणीव आहे ती त्या युक्तीवरील हक्क राखून देणाऱ्या जाणकारांची. अर्ज करण्यापूर्वीच युक्ती जगजाहीर झाली, तर नावीन्याचा दावा सामान्यतः टिकत नाही. मग शेजारचा कारखानदार ती उचलतो आणि मूळ कल्पक हात चोळीत बसतो.

ही उणीव भरून काढावयाची तर येथील होतकरू तरुणांनी पेटंट एजंटाच्या परीक्षेकडे वळावयास हवे. १९७० च्या पेटंट कायद्याने तिचे दार विज्ञान, अभियांत्रिकी व तंत्रज्ञानाच्या पदवीधरांस खुले ठेवले आहे. आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास तेथे मज्जाव आहे. तरीही दोन शब्द सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांचे दोन लेखी पेपर आणि ५० गुणांची तोंडी परीक्षा असते. लेखी पेपरांत प्रत्येकी किमान ५० गुण आणि एकूण ६० टक्के मिळवावे लागतात. ती दरवर्षी नेमाने होतेच असे नाही. २०१८ नंतरची परीक्षा थेट २०२३ मध्ये झाली. तेव्हा जाहिरात निघाल्यावर पुस्तक उघडणाऱ्याची गत तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यासारखी व्हावयाची.

पहिला पेपर कायद्याचा व नियमांचा. तेथे मार्गदर्शिका घोकण्यापेक्षा मूळ कायदाच पुनःपुन्हा वाचावा. शोध कशास म्हणावे आणि कशास म्हणू नये हे सांगणारी २ री व ३ री कलमे, तसेच विरोध नोंदविण्याचे २५ वे कलम मुखोद्गत असावे. जुन्या टिपणांवर मात्र विसंबू नये. तपासणीच्या विनंतीची ४८ महिन्यांची मुदत २०२४ च्या दुरुस्तीने नव्या अर्जांसाठी ३१ महिन्यांवर आली आहे.

दुसरा पेपर शोधाचे वर्णन व दावे लिहिण्याचा. आमच्या मते खरी कसोटी येथेच, आणि ती भाषेची आहे. दावा फार व्यापक केला तर पूर्वीचे ज्ञान त्यास छेद देते. फार आखूड केला तर प्रतिस्पर्धी एखादा भाग बदलून निसटतो. यासाठी रोज मागाचा एखादा सुटा भाग समोर ठेवावा, तो न पाहिलेल्यास कळेल असा कागदावर उतरवावा आणि मग मंजूर झालेल्या पेटंटांशी आपले लेखन ताडून पाहावे.

नेमक्या लेखी पुराव्याचे मोल आपण एकदा अनुभवले आहे. गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे केले, तेव्हा १९९७ मध्ये हळदीवरील अमेरिकी पेटंट रद्द झाले. तो लढा राष्ट्राच्या ज्ञानाचा होता. सुरतेच्या कारागिराचा लढा लहान असेल, पण हक्क तितकाच न्याय्य आहे. त्याच्या बाजूने लेखणी उचलणारे तरुण येथूनच निघावेत, एवढीच आमची अपेक्षा.