गव्हाणीच्या मोटारीला आठ बाइटांचा निरोप

दिवाळीच्या आगेमागे सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एकच फोटो नाव बदलून छापून येतो: गव्हाणीत उसाची मोळी टाकणारे हात आणि मागे दाटीवाटीने उभे संचालक मंडळ. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने याच जिल्ह्यात, त्यामुळे अकलूज, माढा, पंढरपूर, मंगळवेढा असा हा सोहळा फिरत राहतो. मोळी पडली की फोटोग्राफर निघून जातो आणि ऊस मिलकडे वाहून नेणाऱ्या या गव्हाणीच्या मोटारीची खरी ड्युटी सुरू होते.

ऊस काही मापात पडत नाही. कधी ढीगच्या ढीग येतो, कधी गव्हाण अर्धी रिकामी जाते. जास्त आला तर मिल तुंबते, कमी आला तर रोलर नुसतेच फिरतात. म्हणून मिलच्या तोंडाशी असलेल्या उभ्या डोनेली च्यूटमधल्या उसाच्या पातळीवर लक्ष ठेवायचे. पातळी चढली की गव्हाण हळू, उतरली की जलद. मोटारीचा वेग बदलण्याचे काम व्हीएफडी करतो. पॅनेलवाले त्याला नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात. वेग किती ठेवायचा हे पीएलसी, म्हणजे यंत्रे चालवणारा छोटा संगणक, ठरवतो. एकच मोटार असेल तर हा हुकूम साध्या ॲनालॉग सिग्नलनेही जातो. पण एकाच पीएलसीला पंधरा-वीस ड्राइव्ह हाकायचे असतील, तर दोन पिळलेल्या तारांवरून सगळ्यांशी आळीपाळीने बोलणे परवडते.

त्या बोलण्याची सर्वांत चालती रीत म्हणजे मॉडबस. अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये आपल्या पीएलसींसाठी काढली आणि अजून ती हटायला तयार नाही.

‘एक नंबरच्या ड्राइव्हने ४५ हर्ट्झवर चालावे’ हा निरोप तारेवर असा जातो:

०१ ०६ २० ०१ ११ ९४ डीई ३५

आठ बाइट, सोळाच्या पायावर मोजलेले. त्यात नऊनंतर ए ते एफ ही अक्षरे आकड्यांचे काम करतात. पहिला बाइट पत्ता: १ ते २४७ पैकी कोणता ड्राइव्ह. शून्य पत्ता म्हणजे सगळ्यांना एकदम हुकूम, त्याला उत्तर कोणी देत नाही. दुसरा बाइट काम सांगतो: ०३ म्हणजे नोंद वाच, ०६ म्हणजे नोंद लिही. पुढचे दोन बाइट त्या नोंदीच्या खणाचा, म्हणजे रजिस्टरचा, क्रमांक. डेल्टाच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये वेगाचा हुकूम २००१ क्रमांकात असतो. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह बसवला की तो क्रमांक बदलतो आणि मॅन्युअल धुंडाळण्यात दुपार जाते. ११ ९४ म्हणजे आपल्या हिशेबात ४५००, अर्थात ४५.०० हर्ट्झ. दशांश चिन्ह तारेवरून जात नाही, ते दोन्ही बाजूंनी गृहीत धरायचे.

उरलेले दोन बाइट मला या रचनेतले सर्वांत शहाणे वाटतात. चेकवर रक्कम आकड्यांत लिहून पुन्हा अक्षरी लिहितात, तसा हा पडताळा. आधीच्या सहा बाइटांवर ठरलेले गणित करून आलेला आकडा, म्हणजे सीआरसी, शेवटी जोडलेला असतो. ड्राइव्ह तेच गणित स्वतः करतो. समजा, वाटेत एकच बिट उलटला आणि ११ चे १३ झाले, तर ४५ चा हुकूम ५०.१२ होईल आणि तुंबलेल्या मिलवर आणखी ऊस येऊन पडेल. पण आकडा जुळत नाही, ड्राइव्ह गप्प बसतो, पीएलसी वाट पाहून तोच निरोप पुन्हा धाडतो. निरोप नीट पोहोचला तर ड्राइव्ह तेच आठ बाइट जसेच्या तसे परत पाठवतो.

बिट उलटवणारा बहुधा ड्राइव्हच असतो. तो सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतो-जोडतो आणि आजूबाजूला गोंगाट करतो. म्हणून १९८३च्या आरएस-४८५ पद्धतीत सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो आणि ऐकणारा फक्त दोन्हींतला फरक पाहतो. गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो, त्यामुळे फरकातून तो वजा होतो. अशी तार १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते.

निरोप संपला हे कळते शांततेवरून: साडेतीन बाइट पाठवण्याइतका वेळ तार गप्प राहिली की पुढचा निरोप नवा. ९६०० बॉडच्या वेगाने ही शांतता सुमारे चार मिलिसेकंद, आणि अख्खा निरोप सुमारे नऊ मिलिसेकंद. दोन ड्राइव्हना चुकून एकच पत्ता दिला तर दोघे एकदम उत्तर देतात आणि कोणाचेच कळत नाही.

निरोप बिघडला का, ते हे आठ बाइट ओळखतात. तो कोणी धाडला, हे त्यांना विचारताच येत नाही. पासवर्डला त्यात जागाच नाही. १९७९ मध्ये तार कारखान्याच्या भिंतीबाहेर जातच नव्हती, तेव्हा ते चालून गेले. पण जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनमधल्या ल्विव्ह शहरात मॉडबसचेच हुकूम इंटरनेटवरून घुसवले गेले आणि सहाशेहून अधिक इमारतींचा उष्णतापुरवठा ऐन थंडीत जवळपास दोन दिवस बंद पडला. गव्हाणीचा वेग मोबाइलवर दिसावा म्हणून पीएलसीला सिमकार्डवाला राउटर जोडणाऱ्यांनी आधी त्याला फायरवॉल आणि व्हीपीएन लावून घ्यावे, आणि बाहेरून वाचण्यापुरतीच परवानगी ठेवावी, लिहिण्याची नाही.