चार जागांचं भाडं

जबलपूरच्या राइट टाऊनमध्ये विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या काकांच्या कचेरीत दोन संगणक आहेत. एकावर गिऱ्हाइकाला दाखवायची रंगीत वेबसाइट, दुसऱ्यावर काका स्वतः वापरतात तो पडदा. त्यावर चित्र नाही, सवलतीची जाहिरात नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. मुंबई-ॲमस्टरडॅम, मेचा तिसरा आठवडा, असं मी सांगितलं. त्यांनी एक ओळ टाइप केली आणि रांग उमटली: वाय 9, बी 9, एम 9, असं उतरत उतरत शेवटी टी 3.

ही अक्षरं म्हणजे भाड्याचे वर्ग. खुर्ची तीच, जेवण तेच. पण इकॉनॉमीतल्या जागा कंपनी दहा-बारा वर्गांत वाटून ठेवते. प्रत्येकाचं भाडं वेगळं, तिकीट रद्द करायची अट वेगळी. शेजारचा आकडा म्हणजे त्या वर्गात विकायला असलेल्या जागा. पंचवीस असल्या तरी पडद्यावर 9च दिसतात.

आम्ही चौघं. मी घरी फोनवर शोधत होतो तेव्हा अर्थातच चार प्रवासी भरत होतो. काकांनी मला तिथेच थांबवलं. "चार मागितलेस की मशीन चौघांना एकाच वर्गात बसवतं. खालच्या वर्गात तीनच उरल्या असतील, तर चौघंही वरच्या भावात जातात." समजा, खालच्या वर्गाचं भाडं 52 हजार आणि त्यावरच्याचं 61 हजार. चौघांचे एकदम 2 लाख 44 हजार. तीन अधिक एक असे काढले तर 2 लाख 17 हजार. 27 हजारांचा फरक, तोही त्याच विमानात. म्हणून आधी एकाचं भाडं बघायचं, मग दोघांचं, मग तिघांचं. जिथे उडी दिसेल तिथे वर्ग संपला असं समजायचं.

ही युक्ती फुकटची मात्र नाही. दोन पीएनआर झाले की उद्या विमानाची वेळ बदलली किंवा ते रद्द झालं, तर कंपनी तिघांना एकीकडे आणि एकाला दुसरीकडे टाकू शकते. मूल बरोबर असेल तर त्याच्या पीएनआरमध्ये एक मोठं माणूस हवंच. काका दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख टाकून ठेवतात. त्याचा उपयोग होतो, पण ती हमी नव्हे.

परत परत शोधलं की वेबसाइट ओळखते आणि भाव चढवते, ही समजूत आमच्या सोसायटीत पक्की आहे. लोक मुलांच्या फोनवरून, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीतून शोधतात. पडदा पाहिल्यावर मला त्यात फार तथ्य वाटेनासं झालं. सकाळी टी 3 होतं, दुपारी ते अक्षर शून्यावर आलं होतं; कुणीतरी घेतलं, एवढंच. चार दिवसांनी कंपनीने पुन्हा जागा सोडल्याही असत्या.

लांबच्या विमानाचं हे गणित पुण्याच्या माणसालाही लागू. जबलपूरकराचं दुखणं त्याच्या अलीकडे आहे. इथल्या डुमना विमानतळाला मार्च 2024 मध्ये नवी, ऐसपैस टर्मिनल इमारत आली. आणि त्याच जूनमध्ये विमानं फार कमी म्हणून शहरातल्या लोकांनी एक दिवस विमानात न बसण्याचं आंदोलन केलं. 1870 मध्ये मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा रेल्वेमार्ग याच गावात जोडला गेला, तेव्हा जगप्रदक्षिणेच्या वाटेवरचं गाव होतं हे. आता परदेशी जायचं तर आधी दिल्ली किंवा मुंबई गाठा.

ती कशी गाठायची यावर चहाचे दोन कप झाले. डुमना-मुंबई वेगळं, स्वस्त तिकीट घेतलं तर बेरीज छान दिसते. पण तिकिटं वेगळी असली की देशांतर्गत विमानात साधारण 15 किलोच सामान, जादा किलोला पैसे, मुंबईत बॅगा उचलून पुन्हा द्यायच्या, आणि पहिलं विमान टर्मिनल एकवर उतरलं तर रस्त्याने टर्मिनल दोन गाठायचं. पहिलं विमान लटकलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. तुम्ही आला नाहीत, संपलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात तर हा जुगारच. एकाच तिकिटावर डुमना ते ॲमस्टरडॅम असेल तर जोडणी चुकल्यावर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात. जुलै 2025 मध्ये इंडिगोने मुंबईहून ॲमस्टरडॅमची सेवा सुरू केली, तेव्हापासून काका असा सलग मेळ आधी तपासतात.

तिसरी वाट नागपूरची. लखनादौन, सिवनी, मग पेंचच्या जंगलातला तो उंचावलेला रस्ता, ज्याच्या खालून वाघ ये-जा करतात; गाडीने पाचेक तास. नागपूरहून दोह्याला थेट विमान सुटत आलं आहे आणि दोह्याहून सगळं युरोप. आमच्या मराठी घरांत नागपूरला एखादी मावशी किंवा आत्या असतेच, त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम हिशेबात धरावा लागत नाही. काकांच्या मते तापाचं ठिकाण एकच: परतल्यावर रात्रभर जागलेल्या माणसाने ती गाडी चालवणं. ड्रायव्हरचे पैसे भाड्यातच धरायचे, हा त्यांचा आग्रह मला पटला.

स्वस्त म्हणून लंडनमार्गे जाणारं एक तिकीट त्यांनी दाखवलं आणि लगेच पुसलं. भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही बहुतेकदा ट्रान्झिट व्हिसा लागतो. चौघांची फी धरली की स्वस्ताई संपली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केल्यानंतर दिल्लीहून पश्चिमेला जाणारी भारतीय विमानं वळसा घेऊ लागली. त्या विमानांच्या वेळा जुन्या अनुभवावरून धरू नकोस, हेही त्यांनी बजावलं.

शेवटी पासपोर्ट मागितले. धाकटीची जन्मतारीख पाहून त्यांनी बोट तिथेच ठेवलं. लहान मुलाचं भाडं 12 वर्षं पुरी होईपर्यंत. बऱ्याच कंपन्या मूळ भाड्याच्या 75 टक्के घेतात. वय कुठल्या दिवशीचं धरायचं, याचा नियम कंपनीगणिक वेगळा; आमच्या तिकिटावर ते परतीच्या दिवशीही मोजणार होते. तिचा वाढदिवस आमच्या परतीच्या दोन दिवस आधी येत होता. "तीन दिवस लवकर या," काका म्हणाले. बायकोने फोनवर ठाम नकार दिला: बाराव्या वाढदिवसाला ट्यूलिपच्या देशात असायचं, हे लेकीला कबूल केलेलं. मेअखेरीस तिथे ट्यूलिप नसतात, हे सांगायचं काम काकांनी माझ्यावर सोपवलं आणि चौथं तिकीट मोठ्या माणसाच्या भाड्याने काढलं.