पाटी लावून पंखा बंद होत नाही

महाराष्ट्रातला आजचा जवळजवळ प्रत्येक पदवीधर पर्यावरणाची परीक्षा देऊनच बाहेर पडतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रमही आखून दिला. ओझोनचा थर, अन्नसाखळी, हरितगृह वायू हे सगळे पाठ करून पिढ्या उत्तीर्ण झाल्या. तरी तास संपून वर्ग रिकामा झाला की पंखे गरगरत राहतात, आणि भिंतीवर ‘वीज वाचवा’ ही पाटी असतेच.

अडचण माहितीची असती तर ती कधीच सुटली असती. पण विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग वाढवायचा म्हटले की विद्यापीठे आधी जनजागृतीकडेच वळतात: ५ जूनच्या पर्यावरण दिनाची फेरी, पोस्टर स्पर्धा, शपथ, छायाचित्र.

‘लोकांना कळले की ते वागतील’

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ओबर्लिन कॉलेजने २००५ मध्ये वसतिगृहांत वीज आणि पाणी वाचवण्याची दोन आठवड्यांची स्पर्धा घेतली. मोजक्या इमारतींत वापराचे आकडे संगणकावर त्या त्या क्षणी दिसत होते. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा मीटर वाचून आकडा सांगितला जाई. एकूण वीजवापर ३२ टक्क्यांनी उतरला. क्षणोक्षणीचा आकडा पाहणाऱ्यांकडे तर ५५ टक्क्यांनी. पाणी मात्र जेमतेम ३ टक्के वाचले. दोन आठवड्यांची ईर्षा वर्षभर टिकत नाही, हे मान्यच. पण माहिती आणि बक्षिसाचे आमिष तर सगळ्याच वसतिगृहांना होते. जास्त वाचवले त्यांना स्वतःच्या इमारतीचा आकडा क्षणोक्षणी दिसत होता.

आपल्याकडे नेमके तेच दिसत नाही. बहुतेक ठिकाणी सगळ्या आवाराला एकच उच्चदाब जोडणी असते, बिल थेट लेखा विभागात जाते आणि तिथून मंजूर होऊन फायलीत बसते. रसायनशास्त्राची इमारत मराठी विभागापेक्षा किती वीज खाते, हे दोन्ही विभागप्रमुखांना ठाऊक नसते. विभागवार उपमीटर बसवणे हे पोस्टरपेक्षा कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटनही करता येत नाही.

‘झाडे लावली की आवार हिरवे’

वनमहोत्सव १९५० पासून जुलैत साजरा होतो. राज्य सरकारने २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले तेव्हा महाविद्यालयेही खड्डे खणायला उतरली होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यात वृक्षारोपण सोयीचे बसते. झाडांना विरोध करण्याचे कारण नाही. पण रोपाची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते आणि तेव्हा स्वयंसेवक स्वतःच्या परीक्षेत किंवा गावी असतो. पाणी घालायला उरतो माळी. कुठल्या कोपऱ्यात कोणते झाड तगेल हे त्याला विचारूनच खड्डे ठरवावेत, इतकी साधी गोष्टही बऱ्याचदा राहून जाते.

शिवाय विद्यापीठाचा मोठा भार बागेत नसतोच. तो असतो वातानुकूलन यंत्रांत, प्रयोगशाळांत, वसतिगृहांच्या पाण्यात आणि मेसच्या उष्ट्यात.

‘सगळा दोष मुलांच्या सवयींचा’

कॅन्टीनमधल्या प्लास्टिकच्या चमच्यावर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरवर होत नाही. असा एक फ्रीझर एखाद्या घराइतकी वीज ओढू शकतो. तो उणे ७० वर चालवला तर सुमारे ३० टक्के बचत होते, आणि बरेच नमुने त्या तापमानालाही सुरक्षित राहतात. पण कोणते नमुने राहतील आणि कोणते पाच वर्षांपासून कोणाचेच नाहीत, हे प्रयोगशाळा सहायकालाच माहीत असते. त्याला बैठकीला कोणी बोलावत नाही.

हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागाने प्रयोगशाळेतल्याच धूर खेचणाऱ्या कपाटांची (फ्यूम हूडची) काच खाली ओढण्याची स्पर्धा लावली. काच उघडी राहिली की तापवलेली किंवा थंड केलेली हवा अखंड बाहेर फेकली जाते. असे एक कपाट तीन घरांइतकी ऊर्जा खाते, असा आकडा तिकडे सांगतात. तो जसाच्या तसा इकडे आणू नये. आपल्या कित्येक प्रयोगशाळांत हवा खिडकीतूनच येते.

खरेदीचे टेबल हे आणखी एक दुर्लक्षित ठिकाण. जुन्या घडणीचा पंखा सुमारे ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा. दिवसाला १० तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर एका पंख्यामागे ११० युनिटांहून जास्त फरक पडतो. युनिटला ८ रुपये धरले तरी वर्षाला ९०० रुपये. पण निविदा उघडताना पाहिली जाते ती आजची किंमत, आणि सर्वांत कमी दराचा पंखा छताला लागतो. नंतर मुलांना सांगितले जाते, निघताना बटन बंद करा. भांडार विभागातल्या कारकुनाने निविदेच्या अटींत वॅटची एक ओळ घातली, तर तिची बचत शंभर पाट्यांहून जास्त भरेल.

सवयी आणि सहभागाची मर्यादाही सांगायला हवी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने उत्सर्जन घटवले त्यात मोठा वाटा होता २०११ ते २०१५ या काळात वाफेची जुनी वाहिनी काढून गरम पाण्याची यंत्रणा बसवण्याचा. केवळ सवयी बदलून ते झाले नसते. मात्र त्याच विद्यापीठात ‘सीड्स’ या उपक्रमात विद्यार्थी आवारातले खरे प्रश्न अभ्यासक्रमातले प्रकल्प म्हणून घेतात आणि ते सोडवायला इमारती सांभाळणारे कर्मचारी त्यांच्यासोबत बसतात.

‘मुले तीन वर्षांची पाहुणी’

ही तक्रार खोटी नाही. उत्साही तुकडी पदवी घेऊन गेली की तिचा खतखड्डा मागे कोरडा पडतो.

यावर नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २०१० मध्ये एक व्यवस्था सुरू झाली. ‘ग्रीन ऑफिस’ नावाचे कार्यालय विद्यार्थ्यांनीच चालवायचे, पण हौसेवर नव्हे: जागा विद्यापीठाची, थोडा निधी विद्यापीठाचा, विद्यार्थ्यांना कामाचे पैसे आणि सोबत एक कायम कर्मचारी. मुले बदलली तरी फायली आणि ओळखी तिथेच राहतात. युरोपातल्या अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली आणि तिचा प्रसार करणाऱ्या ‘रूटअॅबिलिटी’ या जर्मन संस्थेला २०१५ मध्ये युनेस्को-जपान पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राला यात नवलाचे काही वाटू नये. शिकता शिकता राबण्याची आणि त्याचा मोबदला घेण्याची वाट इथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी कधीच घालून दिली आहे. ‘कमवा व शिका’ योजना आजही विद्यापीठांत चालते. मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करून तासावर मानधन घेतात. तिच्यात मीटरवाचन, पाणीगळतीची नोंद किंवा मेसमधल्या उष्ट्याचे रोजचे वजन ही कामे घालायला नवी योजना लागत नाही, कामांची यादी बदलावी लागते. बहुतेकदा या योजनेत खेड्यातली, गरजू मुले असतात. पर्यावरण मंडळाच्या बिनपगारी कामाला वेळ काढणे ज्यांना परवडत नाही, ती यातून आत येतील.

‘हरित लेखापरीक्षण झाले, म्हणजे झाले’

उच्च शिक्षण संस्थांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पर्यावरणही पाहिले जात असल्याने ‘ग्रीन ऑडिट’ करून घेण्याची धांदल त्याआधी उडते. बाहेरची संस्था येते, बल्ब मोजते, अहवाल बांधून देते. तो अहवाल वायरमनला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला किंवा मेसचालकाला मिळाला का, हे मात्र त्यात लिहिलेले नसते.

कचऱ्याचेही तसेच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणारी विद्यापीठे आणि वसतिगृहे मोठ्या उत्पादकांत धरली आणि कचरा वेगळा करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. त्यानुसार हिरव्या-निळ्या कुंड्या आल्या. त्या रिकाम्या करणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांकडे दोन वेगळ्या गाड्या नसतील, तर विद्यार्थ्यांनी निगुतीने वेगळा केलेला कचरा मागच्या फाटकापाशी पुन्हा एकत्र होतो. एकदा हे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी कुंडीचा रंग बघत नाही. कंत्राटाचे नूतनीकरण करताना वेगळ्या वाहतुकीची अट, हातमोजे आणि त्या कामाचे वाढीव पैसे लिहून घेणे हे कुलसचिव कार्यालयाचे काम आहे. त्यासाठी सफाई मुकादमाला मसुदा आधी दाखवावा लागेल.